पांढरेपणाचा हप्ता

दागिना विकला जातो बाहेर, काचेच्या काउंटरवर. तो पुढे कसा नांदला हे कळतं आत, दुरुस्तीच्या टेबलावर. माझं काम या आतल्या बाजूचं आहे. नवी अंगठी मखमली डबीत कशी दिसते हे सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्यासमोर येते ती वापरलेली अंगठी: तळहाताकडून चपटी झालेली, खड्याखाली साबण आणि कणीक साठलेली, कुठेतरी गोलाई सोडून दिलेली. अशा अंगठ्या सतत हाताखालून गेल्या की धातूबद्दलची मतं जाहिरात बघून बनत नाहीत, झीज बघून बनतात. साखरपुड्याची किंवा लग्नाची पांढरी अंगठी व्हाइट गोल्डची घ्यावी की प्लॅटिनमची, हे ठरवताना गिऱ्हाईक साधारण तीन गोष्टी विचारतं: आजचा भाव काय, कॅरेट किती आणि मोडीला काय येईल. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण निवड ज्यावर ठरायला हवी तो प्रश्न चौथाच आहे, आणि तो क्वचितच कुणी विचारतं: हा पांढरेपणा टिकवायचं काम कोण करणार, कुठे करणार आणि किती वेळा? या प्रश्नापासून सुरुवात केली, तर बोटातून सहसा निघणारच नाही अशा अंगठीसाठी माझा कौल प्लॅटिनमला आहे. त्याला एक मोठी अट आहे, आणि ती पुरी होत नसेल तर मी माझाच कौल मागे घेईन.

आधी व्हाइट गोल्डचं बघू. सोनं जितकं शुद्ध तितकं ते पिवळं. पांढरं करायचं तर दुसरे धातू घालून त्याचा रंग मारावा लागतो. १८ कॅरेट म्हणजे हजार भागांत ७५० भाग सोनं. उरलेल्या २५० भागांत एक तर निकेल, तांबं, जस्त असतं, नाहीतर पॅलेडियम आणि चांदी. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे प्लॅटिनम हाती लागेना, तेव्हा जर्मनी आणि अमेरिकेतल्या कारखानदारांनी ही मिश्रणं बाजारात आणली. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेने प्लॅटिनम युद्धोपयोगी धातू ठरवून दागिन्यांसाठी बंद केलं आणि व्हाइट गोल्डला मोकळं रान मिळालं. म्हणजे हा धातू आला तोच बदली म्हणून. आणि इतकी मिसळ करूनही तो पुरता पांढरा होत नाहीच. निकेलचा थोडा पिवळ्याकडे झुकतो, पॅलेडियमचा करड्याकडे. अमेरिकेतल्या दागिने उत्पादकांनी वर्ल्ड गोल्ड कौन्सिलबरोबर बसून याची प्रतवारीच करून टाकली आहे. पिवळेपणा मोजणारा एक निर्देशांक असतो. तो १९ च्या खाली असेल तर पहिली प्रत, १९ ते २४.५ दुसरी, ३२ पर्यंत तिसरी, आणि त्याच्या वर गेला तर त्या धातूला पांढरं म्हणूच नये. पहिल्या प्रतीला मुलाम्याची गरज नाही, तिसरीला मुलाम्यावाचून भागत नाही. आपल्याकडे काउंटरवर ही प्रत कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही, कारण विकायला ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक अंगठीवर रोडियम चढवलेलंच असतं. दुकानाच्या दिव्याखाली जो निळसर, आरशासारखा पांढरा रंग मन खेचून घेतो तो सोन्याचा नव्हेच, तो या रोडियमचा. पसंती एका धातूला मिळते आणि बिल दुसऱ्याचं फाटतं, असा हा प्रकार. फसवणूक म्हणता येत नाही, कारण मुलामा हा धंद्यातला उघड रिवाज आहे. पण घेणाऱ्याला तो माहीत असतोच असं नाही.

रोडियम कठीण धातू आहे, पण त्याचा थर बहुतेक वेळा एक मायक्रॉनचाही नसतो. माणसाचा केस त्याहून कितीतरी पटींनी जाड. भिंतीला दिलेला चुना जसा हात लागतो तिथून आधी जातो, तसा हा मुलामाही एकसारखा झिजत नाही. अंगठीच्या वरच्या बाजूला, खड्याभोवती, तो वर्षानुवर्षं ताजा दिसतो. खालच्या बाजूला, जिथे लोकलचा दांडा, स्कूटरचं हँडल, तारेची घासणी आणि विळीची मूठ रोज घासते, तिथे सहा महिने ते दोन वर्षांत पिवळट पट्टा उघडा पडतो. घाम आम्लधर्मी असलेल्या माणसाचा त्याहून लवकर. ‘सोनं काळं पडलं’, ‘सोनं खोटं निघालं’ अशा तक्रारी येतात त्या बहुधा या पट्ट्याच्या. सोन्याचं काहीही बिघडलेलं नसतं. झाकण गेलेलं असतं, इतकंच.

मग मुलामा पुन्हा चढवायचा. हे काम बाहेरून किरकोळ वाटतं, कारण रोडियमच्या द्रावणात अंगठी मिनिटभरसुद्धा राहत नाही. वेळ जातो तो त्याआधी. भिंगाखाली एकेक खडा हलतो का ते बघायचं. हलत असेल तर आधी तो पक्का करायचा. मग बफिंगच्या चाकावर जुना थर आणि ओरखडे उतरवायचे, अल्ट्रासॉनिक यंत्रात मळ काढायचा, वाफेने धुवायचं, तांब्याच्या तारेला टांगून विजेच्या पाण्यात तेलकटपणा काढायचा, सौम्य आम्लात बुडवायचं, शुद्ध पाण्यात खळबळायचं आणि यानंतर बोटाचा स्पर्शसुद्धा होऊ द्यायचा नाही. झालाच, तर तेवढ्या जागेवर मुलामा धुरकट बसतो आणि सगळं पहिल्यापासून. अल्ट्रासॉनिकमध्ये हिरा चालतो. पाचू, मोती, ओपल चालत नाहीत, म्हणून असे खडे असतील तर कामाची पद्धतच बदलावी लागते. यातली महत्त्वाची पायरी बफिंगची आहे. प्रत्येक खेपेला चाकावर सोन्याची अगदी पातळ साल जाते. एका वेळी ती वजनकाट्यावर जेमतेम दिसते, पण पंधरा-वीस वर्षांच्या संसारात अंगठी दहाबारा वेळा चाकावर चढली की खड्याला धरणाऱ्या नख्या बारीक होतात, कडा बुजतात, आतली कोरलेली तारीख पुसट होते. नवेपणा टिकवण्यासाठी केलेल्या कामातच अंगठी थोडी थोडी संपत असते. व्हाइट गोल्डचा पांढरेपणा हप्त्याने घ्यावा लागतो असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी, आणि हप्ता नुसता रुपयांत जात नाही, धातूतही जातो. रुपयांचा भाग तसा लहान, पण तोही आपल्या हातात नाही. जगातलं बहुतेक रोडियम दक्षिण आफ्रिकेतून येतं आणि त्याचा मोठा ग्राहक मोटारींचा धूर शुद्ध करणारा उद्योग आहे. मार्च २०२१ मध्ये त्याचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता. अशा वेळी थर पातळ करण्याचा मोह कुठल्या कार्यशाळेला होणार नाही?

प्लॅटिनमचं गणित वेगळ्या जागी बसतं. दागिन्यात ते सहसा ९५० शुद्धतेचं वापरतात, म्हणजे हजारात ९५० भाग प्लॅटिनम आणि उरलेले रुथेनियम, इरिडियम, कोबाल्ट किंवा तांबं. रंग त्याचा स्वतःचा आहे, आरपार तोच. झिजलं, कापलं, वितळवलं तरी खालून दुसरा रंग निघायचा नाही. मग ते ओरखडत नाही का? ओरखडतं, आणि चांगलंच ओरखडतं. प्लॅटिनम खरेदीनंतरची सर्वांत मोठी निराशा हीच असते: एवढा महागाचा, ‘मजबूत’ म्हणून घेतलेला धातू, आणि दोनतीन महिन्यांत त्यावर बारीक रेघांचं जाळं. कठीणपणाच्या मोजमापात ही तक्रार खरी ठरते. निकेल घातलेलं १८ कॅरेट व्हाइट गोल्ड नेहमीच्या ९५० प्लॅटिनमपेक्षा बरंच कठीण असतं. पण कठीण आणि टिकाऊ हे दोन निराळे गुण आहेत, आणि दोन्ही ओरखडे भिंगाखाली शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो. सोन्यावरचा ओरखडा म्हणजे चर. त्यातला धातू गेलेला असतो. प्लॅटिनमवरच्या ओरखड्याच्या दोन्ही काठांना धातू बांधासारखा उचलून आलेला असतो. चिवटपणामुळे तो निघून जात नाही, बाजूला सरकतो. पोलादी घोटणीने तो बांध दाबत नेला तर बराचसा धातू चरात परत बसतो, आणि मगच शेवटचा हलका पॉलिश. दैनंदिन झिजेत प्लॅटिनमचं वजन फार कमी घटतं ते यामुळे. पॉलिश केलंच नाही तर पृष्ठभागाला मऊ, राखाडी झाक येते. ही झाक काहींना आवडते, काहींना अजिबात नाही, आणि आवडत नसलेल्यांनी आपली चूक आहे असं मानायचं कारण नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की प्लॅटिनममध्ये चकाकी जाते, रंग राहतो. व्हाइट गोल्डमध्ये रंगच जातो. चकाकी घरच्या घरी दुर्लक्षिता येते. बोटावरचा पिवळट पट्टा तसा दुर्लक्षिता येत नाही, विशेषतः तीच अंगठी फोटोत पांढरीशुभ्र दिसत असताना.

खड्याच्या दृष्टीनेही हाच चिवटपणा कामाला येतो. नखी वाकवून खड्यावर बसवताना कठीण निकेल-मिश्रित सोनं किंचित उसळी मारून मागे येतं. प्लॅटिनम जिथे दाबाल तिथे राहतं. कोहिनूर आज ज्या मुकुटात आहे तो १९३७ चा राजमुकुट प्लॅटिनमचा आहे, आणि पतियाळाच्या महाराजांसाठी कार्तिएने १९२८ मध्ये पुरा केलेला हिऱ्यांचा प्रसिद्ध हारही प्लॅटिनममध्येच होता. अर्थात राजमुकुट घालून कुणी कणीक मळत नाही, म्हणून या उदाहरणांवर मी फार भार देत नाही. रोजच्या वापरात नखीला खरा धोका आहे तो क्लोरिनचा. निकेल घातलेल्या व्हाइट गोल्डच्या नख्या ताणाखाली असतात, आणि ताणाखालच्या अशा मिश्रधातूला क्लोरिन सतत लागत राहिलं की आतल्या आत बारीक चिरा जातात. १४ कॅरेटमध्ये हे जास्त, १८ मध्ये कमी. पोहण्याचा तलाव, कपड्यांचा ब्लीच, फरशीला टाकलेली ब्लीचिंग पावडर, सगळीकडे तोच पाहुणा. वाईट भाग असा की नखी वाकत नाही, झिजल्याची खूण देत नाही. एक दिवस टचकन तुटते आणि खडा गेल्याचं रात्री झोपताना लक्षात येतं. अमेरिकेत १४ कॅरेटचं निकेल-मिश्रित व्हाइट गोल्ड सर्रास चालतं, त्यामुळे तिकडे घेतलेल्या अंगठ्या इकडे माहेरपणाला आल्या की त्यांच्या नख्या मी जरा जास्तच वेळ बघतो. निकेलची दुसरी कटकट त्वचेची. ज्यांना खोट्या कानातल्यांनी खाज सुटते त्यांना निकेलच्या व्हाइट गोल्डनेही ती सुटू शकते, आणि ती सुटते मुलामा झिजल्यावर. म्हणजे अंगठी वर्षभर सोसली आणि मग अचानक पुरळ, असा उलटा क्रम दिसतो. युरोपीय संघाने याच कारणासाठी अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल बाहेर पडू नये असं बंधन घातलं. व्हाइट गोल्डच घ्यायचं असेल तर पॅलेडियमचं मागावं. त्याला थोडे जास्त पैसे पडतात, रंग जरा राखाडी असतो, पण या दोन्ही भानगडी टळतात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप मोडीचा. मराठी घरात सोनं हा दागिना असतो तसाच अडीअडचणीचा आधारही असतो. बांगडी मोडून मुलाची फी भरल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. प्लॅटिनम मोडायला गेलं तर जवळच्या सराफाकडे ते घेत नाहीत, ज्या दुकानातून घेतलं तिथेच जावं लागतं, आणि तिथे वजावट सोन्यापेक्षा जास्त लागते. हे सगळं खरं आहे. भावाचा इतिहासही प्लॅटिनमच्या बाजूचा नाही. २००८ मध्ये औंसाला २,२०० डॉलरच्या वर गेलेलं प्लॅटिनम नंतर कोसळलं, आणि २०१५ पासून ते सोन्याच्या खालीच राहिलं आहे. एके काळी प्लॅटिनम म्हणजे सोन्याहून महाग हे शाळकरी मुलालाही माहीत होतं. तेव्हा गुंतवणूक म्हणून कुणी प्लॅटिनमची अंगठी घेत असेल तर मी त्याला वळी किंवा नाणं घ्यायला सांगेन. पण हाच निकष व्हाइट गोल्डच्या अंगठीला लावून बघा. पाच ग्रॅमच्या १८ कॅरेट अंगठीत शुद्ध सोनं पावणेचार ग्रॅम. घडणावळ गेली, खड्याचे पैसे गेले, दर खेपेच्या मुलाम्याचे गेले, आणि मोडताना पांढरं सोनं पिवळ्याच्या उत्साहाने कुणी हातात घेत नाही, कारण त्यातलं निकेल-पॅलेडियम काढायला शुद्धीकरणाचा खटाटोप जास्त. मोड हा निकष मनापासून मानणाऱ्याने २२ कॅरेटचं साधं वळं करावं. पांढऱ्या धातूत शिरल्यावर तो निकष अर्धा सुटलेलाच असतो. उरलेल्या अर्ध्यासाठी वीस वर्षांची देखभाल अंगावर घ्यावी असं मला वाटत नाही. शिवाय लग्नाची अंगठी मोडायला येते तेव्हा प्रश्न पैशांचा फारसा राहिलेला नसतो.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो भावाचा नसून वजनाचा आहे. ग्रॅमचा भाव सोन्याहून कमी असूनही प्लॅटिनमची अंगठी स्वस्त का पडत नाही, असं लोक विचारतात. घनता हे त्याचं उत्तर. १८ कॅरेट व्हाइट गोल्डची घनता साधारण १५, दागिन्यातल्या प्लॅटिनमची २० च्या वर. एकाच साच्यातली अंगठी सोन्यात पाच ग्रॅमची झाली तर प्लॅटिनममध्ये ती सात ग्रॅमच्या जवळ जाते, आणि त्यात शुद्ध प्लॅटिनम साडेसहा ग्रॅम. वर घडणावळ जास्त. प्लॅटिनम १,७६८ अंशांना वितळतं, सोनं १,०६४ ला. भट्टी वेगळी, मूस वेगळी, कारागीर वेगळा. हा जादा खर्च सुरुवातीलाच दिसतो म्हणून टोचतो. व्हाइट गोल्डचा खर्च तुकड्यातुकड्याने येतो म्हणून टोचत नाही. दोन्ही बेरजा मांडल्या की अंतर घटतं. नाहीसं होतं असा माझा दावा नाही.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप निराळाच असतो: एवढे पैसे घालून चांदीसारखी दिसणारी अंगठी कशाला? आपल्याकडे पांढरा धातू पायात, जोडव्या-पैंजणांत. सोनं कमरेच्या वर. हातात पांढरं घालणं त्या हिशेबात बसत नाही. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत तर वेदीपुढे बदललेली अंगठी हाच विवाहाचा दागिना, आणि तिथेही जुनी माणसं पिवळ्या सोन्यालाच धरून असतात. या आक्षेपाला धातुशास्त्राने उत्तर देता येत नाही, आणि द्यायची गरजही नाही. पिवळ्या सोन्याची अंगठी ही सर्वांत सोपी देखभालीची अंगठी आहे, कुठलाही सोनार ती वाढवून-आटवून देतो. ज्या घरात मंगळसूत्र पिवळं, बांगड्या पिवळ्या, तिथे फक्त साखरपुड्याच्या फोटोसाठी पांढरी अंगठी घेतली जात असेल, तर आजीचं ऐकावं असंच मी म्हणेन.

आणि आता ती अट. माझ्या मताविरुद्ध सर्वांत बळकट मुद्दा भावाचा नाही, कारागिराचा आहे. बोटं बदलतात. बाळंतपणात सुजतात, वजनाने जाड होतात, आजारपणात उतरतात. आयुष्यभराच्या अंगठीचं माप एकदा तरी बदलावं लागतंच. सोन्याची अंगठी तालुक्याचा सोनारही कापून, तुकडा घालून, डाग देऊन सांधतो. प्लॅटिनमला ती आच पुरत नाही. ऑक्सिजनची ज्योत लागते, डोळ्यांना वेल्डिंगचा काळा चष्मा लागतो, सांध्याला प्लॅटिनमचाच डाग लागतो. कानशी, चिमटे, बफ सगळं सोन्याच्या कामापासून वेगळं ठेवावं लागतं, कारण तापलेल्या प्लॅटिनमला शिशाचा किंवा सिलिकॉनचा अंश जरी लागला तरी ते ठिसूळ होतं. हे सगळं नसलेल्या ठिकाणी अंगठी गेली की काय होतं ते ओळखायला भिंगही लागत नाही. सोन्याच्या डागाने जोड दिलेला असतो, आणि खालच्या बाजूला केसाएवढी पिवळट रेघ उभी असते. वर रोडियम मारून ती झाकली, तर प्लॅटिनम घेण्यातला एकमेव शहाणपणाच वाया गेला. शिवाय तो जोड कमजोर, तो सुटणार हे ठरलेलं. म्हणून ज्यांच्या आवाक्यात प्लॅटिनमचं काम करणारी कार्यशाळा नाही, आणि अंगठी कुरियरने मुंबईला पाठवायची ज्यांची तयारी नाही, त्यांना मी प्लॅटिनम सुचवत नाही. मुंबई-पुण्यात हा प्रश्न आता बराच हलका झाला आहे. लेझर वेल्डिंगच्या यंत्राने मोठा फरक पडला. प्लॅटिनम सोन्यापेक्षा उष्णता खूप हळू वाहून नेतं, त्यामुळे लेझरचा ठिपका जिथे पडतो तिथेच ते वितळतं आणि दोन मिलिमीटरवरच्या खड्याला झळ लागत नाही. जी गोष्ट ज्योतीखाली अडचणीची होती तीच इथे सोयीची ठरते. तरीही दुकानदार ‘आम्ही सगळं करून देतो’ म्हणाला तर काम कुठे होतं ते विचारावं. आत होतं की बाहेर जातं, एवढ्या उत्तरावरून पुष्कळ कळतं.

माप बदलणं टाळायचं असेल तर अंगठी घडवतानाच थोडी अक्कल लावता येते. पूर्ण गोलाकार हिरे बसवलेली अंगठी कुठल्याही धातूत वाढवता येत नाही, निदान धडपणे येत नाही. तळाला साधी पट्टी ठेवलेली बरी. मे महिन्याच्या दुपारी घेतलेलं माप जानेवारीत सैल होतं. पट्टी फार पातळ नको. स्वस्त दिसावी म्हणून पातळ केलेल्या अंगठ्या सर्वांत आधी वाकून येतात, आणि मोटरसायकल चालवणाऱ्या पुरुषांच्या तर हमखास. एकाच बोटात दोन धातूंच्या अंगठ्या घालायची हल्ली हौस दिसते. त्यात कठीण अंगठी मऊ अंगठीला रोज खाते. व्हाइट गोल्डशेजारचं २२ कॅरेटचं वळं एका बाजूने झिजलेलं कुणालाही दाखवता येईल.

रोजच्या निगेबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलाचा मऊ ब्रश, खड्याच्या मागच्या बाजूने घासायचं, बुडाला भोक असलेल्या मोरीत कधीही नाही. जुनी रिठ्याची पद्धत दोन्ही धातूंना चालते. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, भांडी घासायची पावडर चालत नाही; या सगळ्यांत बारीक खर असते आणि रोडियमचा थर तिच्यापुढे टिकत नाही. कणीक मळताना, भांडी घासताना, जिममध्ये वजन उचलताना अंगठी काढावी हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही, म्हणून मी निवडच अशी करायला सांगतो की न काढणाऱ्या माणसालाही ती सोसेल. वर्षातून एकदा खडे मात्र तपासून घ्यावेत. कानाजवळ धरून अंगठीवर टिचकी मारली आणि बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे.

बिल घेताना दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. व्हाइट गोल्ड असेल तर हॉलमार्कबरोबर ७५० हा आकडा आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी हवा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून तिथल्या तिथे पडताळता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला या सक्तीतून सूट आहे, म्हणून अगदी नाजूक अंगठीत सावध राहावं. रोडियमखाली काय आहे ते डोळ्याला दिसत नाही. प्लॅटिनमला सरकारी हॉलमार्कची अशी सक्ती नाही. तिथे आतल्या बाजूला पीटी ९५० चा ठसा, दुकानाचं शुद्धतेचं प्रमाणपत्र आणि बिलावर वजन, शुद्धता, परत घेण्याचा दर लेखी, हे मागून घ्यावं लागतं. दोन्ही धातूंत मिश्रण कशाचं आहे, निकेल की पॅलेडियम, रुथेनियम की कोबाल्ट, हेही बिलावर लिहून घ्यावं. विक्रेता जरा चमकतो, आत जाऊन विचारून येतो, पण लिहून देतो. दहा वर्षांनी अंगठी कुठल्याही गावात कुठल्याही टेबलावर गेली तरी समोरच्या कारागिराला पहिली माहिती हीच लागते, आणि ती नसली की तो अंदाजाने आच लावतो.